डिकीतली काळी डबी

कर्वेनगर, पुणे
रविवार, संध्याकाळ

प्रिय दीक्षा,

तू आणि तुझे बाबा मिळून अडीच महिने माझ्याशी खोटं बोलत आहात, म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते, पण आपल्या घरातला फोन हल्ली गाडीतही वाजतो, आणि कोण कुठून ऐकत असेल याचा भरवसा मला राहिलेला नाही. नागपूरला कुरिअर दोन दिवसांत पोचतं म्हणतात. पत्र एकटीनं वाच. वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस. आधी विचार कर, मग कर.

गाडीपासून सुरुवात करते. बाबांची ती जर्मन गाडी सतरा वर्षांची आहे. त्यातली बारा वर्षं ती आपल्याकडे आहे. बाणेरच्या एका बिल्डरकडून त्यांनी ती घेतली तेव्हा मी विरोध केला होता, तुला आठवत असेल. पाटबंधारे खात्यातल्या निवृत्त कार्यकारी अभियंत्याला एवढी गाडी कशाला, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "माझ्या बापानं ज्या रस्त्यावर खडी फोडली, त्या रस्त्यावरनं मला एकदा आवाज न होता जायचंय." त्यांनी गाडीत कधी काही बदललं नाही. स्टिअरिंगवर फोनची दोन बटणं आहेत, एक हिरवं, एक लाल. बारा वर्षं ती नुसती शोभेला होती. रेडिओवर सातच्या बातम्या, बाकी शांतता.

हा माणूस फोन फ्रिजवर ठेवून दिवसभर विसरतो. त्यानं मे महिन्यात एके दिवशी जेवताना मला सांगितलं की, गाडीत ब्लूटूथ बसवून घेतो, म्हणजे फोनही होईल आणि गाणीही ऐकता येतील. मी विचारलं, कोणती गाणी? ते आमटीत भाकरी कुस्करत राहिले. बरं, एका गाण्याचं नाव सांगा, म्हटलं. तर म्हणाले, "तू काय उलटतपासणी घेतेस का?" मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, दीक्षा. उत्तर नसलं की माणसं प्रश्नावरच बोलायला लागतात, हे मला चांगलं माहीत आहे.

वारज्याच्या संपतकडे मी मुद्दाम बरोबर गेले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा तो तुझ्याच वयाचा माणूस, हात स्वच्छ, बोलणं कमी. नवीन मोठा पडदा का नाही बसवत, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, पडदा बसवला की या गाडीचं तोंड बिघडतं. आणि हिचं आतलं बोलणं तांब्याच्या तारेवर चालत नाही. प्लास्टिकच्या धाग्यातनं उजेड फिरतो, रेडिओपासून डिकीपर्यंत आणि परत. मधे कुठं धागा तुटला की सगळीच गप्प." त्यानं डिकीच्या डाव्या अंगाचा पत्रा काढला, तो धागा ब्लूटूथच्या एका काळ्या डबीतून फिरवून घेतला, आणि स्टिअरिंगच्या मागे हरभऱ्याएवढा माईक चिकटवला. शोभेची ती दोन बटणं चालू झाली. मी म्हटलं, गाण्यांसाठी माईक कशाला लागतो? संपतनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. "साहेबांनी दोनच गोष्टी सांगितल्यात," संपत म्हणाला, "आवाज मोठा पाहिजे, आणि उचलायला बटण एकच पाहिजे."

त्यानंतर त्यांनी मला रविवारी बरोबर नेणं बंद केलं. दर रविवारी आम्ही दोघं लोणी काळभोरला आत्याकडे जायचो, हे तुला माहीत आहे. आता म्हणे माझी कंबर दुखते, खड्डे फार आहेत. माझी कंबर दुखते हे मला त्यांच्याकडून कळलं. साडेनऊला निघायचे. मी अकराला आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "भीमा येतोय की, पर ह्यो हल्ली जेवायच्या येळंलाच येतोय." सव्वा तासाचा रस्ता. मग मधले दोन तास हा माणूस कुठे असतो? चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुसरी बाई असेल असं माझ्या मनात आलं नाही, असं मी लिहिणार नाही. आलं. दोन दिवस राहिलं आणि गेलं, कारण त्यांचे मोजे अजूनही मीच शोधून देते.

मग एका सोमवारी, ते आंघोळीला गेले असताना, मी किल्ली घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले आणि गाडीत जाऊन बसले. वेगाच्या काट्याखाली छोटा पडदा आहे, त्यात झालेल्या फोनची यादी येते. सगळीकडे एकच नाव होतं. दीक्षा, दीक्षा, दीक्षा. माझ्याशी तू चार मिनिटं बोलतेस आणि मग तुझी मीटिंग असते. बाबांशी तू एवढं काय बोलतेस? वर येऊन मी त्यांना सहज विचारलं, दीक्षाचा काही फोन? "नाही बा," म्हणाले. तेव्हा माझी खात्री झाली की तुम्ही दोघं माझ्याबद्दल काही ठरवताय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू म्हणाली होतीस ना, की हे घर विकून नागपूरला या म्हणून? मी नाही म्हणाले होते. आता माझ्या पाठीमागे कागद तयार होत असणार असं मी धरून चालले. कपाटातली घराची फाइल काढून माझ्या साड्यांखाली ठेवली. अजून तिथेच आहे.

मागच्या मंगळवारी ते बँकेत एकटे निघाले होते. मी ऐन वेळी चपला घातल्या आणि बरोबर बसले. त्यांना आवडलं नाही. मेडिकलच्या दुकानापाशी गाडी उभी करून ते गोळ्या आणायला उतरले. फोन गाडीतच राहिला. तेवढ्यात गाडीभर घंटी घणघणली आणि पडद्यावर तुझं नाव आलं. मी हात लांब करून हिरवं बटण दाबलं. एक शब्द बोलले नाही. चोर पकडायचा तर आधी त्याला बोलू द्यावं.

तू हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. "बाबा, निघालो असा मेसेज केलात, मग कुठे आहात? कर्वे पुतळा गेला का?" मी पडद्यावरचं तुझं नाव बघत राहिले. "बाबा, घाबरू नका. गाडी बाजूला घ्या. आता डावीकडच्या दुकानाची पाटी फक्त वाचा, मी सांगते कुठे वळायचं ते. अगदी सावकाश. आईला काही कळलेलं नाही." मग पुन्हा, "बाबा? मी आहे. मी कुठेही जात नाही." तेव्हा मी लाल बटण दाबलं. तुला वाटलं असेल रेंज गेली.

ते गोळ्या घेऊन आले, बसले, पट्टा लावला. आणि किल्ली फिरवण्याआधी त्यांनी समोरच्या रस्त्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिल्यांदा साताऱ्याला बदली होऊन गेले तेव्हा त्या स्टँडकडे पाहिलं होतं. मी म्हटलं, सरळ चला, पुढच्या सिग्नलला उजवीकडे. ते म्हणाले, "माहितीये मला." आणि मी सांगितलं तसे गेले.

बुधवारी त्यांना विचारलं, माझ्या जुन्या ऑफिसला तुम्ही अकरा वर्षं सोडायला यायचात, तो रस्ता कसा हो? त्यांनी कागद घेतला आणि मुठा उजवा कालवा काढून दाखवला. प्रत्येक फाटा, प्रत्येक दार, विसर्गाच्या आकड्यासकट. चाळीस वर्षांपूर्वीचा कालवा एका रेषेत, न खोडता. माझं ऑफिस त्यात कुठेच नव्हतं. मी कागद घडी करून ठेवला. छान आहे, म्हटलं.

आज सकाळी मी त्यांच्या आधी तयार होऊन खाली उभी राहिले. हडपसरपर्यंत मी रस्ता सांगत नाही असं दाखवत सांगत राहिले, बघा ते दुकान बंद झालं वगैरे. सासवडचा फाटा येण्याआधी मी म्हटलं, बाजूला घ्या, मला चालवायचीय. ते म्हणाले, "तुझा गुडघा?" मी म्हटलं, ही ऑटोमॅटिक आहे, डाव्या गुडघ्याला काम नाही. आम्ही जागा बदलल्या. लोणीच्या अलीकडे त्यांनी स्वतःहून सांगितलं. एप्रिलमध्ये ते एकदा भलतीकडेच, सासवडच्या वाटेवर दिवे घाटात जाऊन पोचले होते. आपण कुठे निघालो होतो हेच आठवेना. दोन तास गाडीत बसून राहिले आणि मग तुला फोन लावला. मला टायर पंक्चर झाल्याचं सांगितलं होतं. मी विचारलं, मला का नाही केला फोन? ते म्हणाले, "तू किल्ली काढून घेतली असतीस."

घेतली असती. यात मी काही खोटं बोलणार नाही.

तुझ्यावरचा माझा राग कमी झालेला नाही, हे नीट लक्षात घे. सातशे किलोमीटरवर बसून, दुकानाच्या पाट्या वाचायला लावून, एका म्हाताऱ्या माणसाला तू सोलापूर रोडवर गाडी चालवू दिलीस. समोरून ट्रक आला असता तर तो तुझ्या आवाजाला थांबला नसता. रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरं असतात. तू शिकलेली आहेस, तुला हे कळायला हवं होतं. पण त्या दिवशी गाडीत जो आवाज मी ऐकला, तसा आवाज मला कधी लावता आलेला नाही. संसाराच्या सत्तेचाळीस वर्षांत नाही. म्हणून त्यांनी तुला फोन केला, मला नाही. हे मी समजू शकते.

आता पत्राचं खरं कारण. येत्या एकवीस तारखेला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ती त्यांना मी सांगितली तर ते येणार नाहीत, तू सांग. त्या आवाजात सांग, आणि त्या दिवशी इथे ये. दुसरं म्हणजे किल्ली. आज घरी आल्यावर त्यांनी ती स्वतःच काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. लायसन्सही ठेवलं. मला वाटलं होतं वाद होईल, तो झाला नाही, आणि तेच मला सहन होत नाही. सगळे मला कडक समजतात. तूही समजतेस. पण ही किल्ली या घरात राहिली तर एका रविवारी ते पांढरा शर्ट घालून दारात उभे राहतील, काही मागणार नाहीत, आणि मी ती काढून त्यांच्या हातात देईन. माझा आता माझ्यावरच विश्वास नाही. म्हणून ती तुझ्याकडे पाठवते आहे. मी मागितली तरी देऊ नकोस. रडून मागितली तर मुळीच देऊ नकोस. गाडीची दुसरी किल्ली माझी आहे, ती मी कुणाला देणार नाही; त्यांची त्यांना नाकारणं मात्र मला जमणार नाही. रविवारी मी चालवीन, आम्ही जाऊ.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
आई

सोबत:
१. गाडीची किल्ली, एक. चामड्याच्या पट्टीसह.
२. श्री. भीमराव यांचं वाहन चालवण्याचं लायसन्स, एक. मूळ प्रत.

वरील दोन्ही वस्तू श्री. भीमराव यांनी आज राहत्या घरी स्वखुशीनं श्रीमती शालन यांच्याकडे दिल्या. देणाऱ्याची आणि घेणारीची सही खाली आहे. देणाऱ्यानं सहीखाली स्वतःच्या हातानं ७ जून १९८९ अशी तारीख घातली आहे. ती मी दुरुस्त केलेली नाही.