गुलमर्ग सोडून कुठंही

१८ जानेवारी

जळते मी. हो, जळते! इथं लिहायला कुणाची चोरी आहे?

आज थोरल्या जाऊबाईंकडं हळदीकुंकू. अख्खी गल्ली जमलेली. शांताक्का म्हणाल्या, "हर्षाली, नाव घ्या की!" बाई तयारच होत्या. पदर सावरला नि —

"गुलमर्गच्या बर्फावर घसरले माझे पाय,
रणधीररावांनी सावरलं, आणखी मागू काय!"

टाळ्याच टाळ्या! मग मोबाइल हातोहात फिरला. पायाला स्कीच्या लांब फळ्या, डोळ्यावर गॉगल, आणि रणधीरदादा तिचा दंड धरून उभे. दादा! जे कळंबच्या बाजारात बायकोच्या दहा पावलं पुढं चालतात!

माझी पाळी आली तेव्हा तेच जुनं, चांदीच्या ताटाचं. कुणी ऐकलंसुद्धा नाही.

१९ जानेवारी

यांना सांगून टाकलं — आपणही जायचं. बर्फात. स्कीइंगला.

"घसरायलाच जायचंय ना? मग आपली मोरी काय वाईट हाय?"

हसू आलं, पण हसले नाही. म्हटलं, "गुलमर्ग सोडून कुठंही. तिचं उष्टं मला नको."

हे ताटावरून उठले. भाकरीपण अर्धीच खाल्ली. बियाण्याच्या दुकानात काहीतरी बिनसलं असेल.

२२ जानेवारी

दिवसभर मोबाइलमध्ये बर्फ. औली, सोलंग, नारकंडा. उतार बघा, बर्फ किती पडतो ते बघा, मग जागा निवडा, असं सगळीकडं लिहिलंय. मी यमक बघतेय!

नारकंड्याला अंडा सोडून काही जुळेना. सोलंगला रंग जुळतो, पण पलंगही जुळतो — आणि शांताक्का तो चारचौघींत जुळवल्याशिवाय राहायच्या नाहीत. औली बरी.

"औलीच्या उतारावर दोघांची एक सावली,
सोमेशरावांच्या संगं मी..."

पुढं बाहुली येते, नाहीतर माऊली. दोन्ही नकोत.

२३ जानेवारी

नाही जुळलं.

२६ जानेवारी

जाऊबाई म्हणतात, "गुलमर्गलाच जावा की. शिकवणारा लई चांगला हाय, पडलं तरी हसत न्हाय." मोठेपणा!

दिवाळीला माहेरी ईटला गेली ती महिना उलटला तरी आली नाही. सासूबाईंचं पथ्यपाणी, पाहुणेरावळे, सगळं मी काढलं. परत आली ती थेट गुलमर्गच्या तयारीला. कामाला मी, बर्फाला ती!

२ फेब्रुवारी

यांना पुन्हा विचारलं — औली का सोलंग? "तू म्हणशील तिथं." एवढंच!

मला 'तू म्हणशील तिथं' नकोय. आपल्यासाठी कुणी बसून जागा शोधावी, हे इथं हिला आवडेल असं म्हणावं, एवढंच हवं होतं. दादांनी बायकोला न विचारता सगळं ठरवलं म्हणे. आमच्या यांना मला काय आवडतं हे तरी ठाऊक आहे का?

रडले. नळ सोडून, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

५ फेब्रुवारी

दुपारी जाऊबाई आल्या. दार लोटून घेतलं.

"गुलमर्गचं नाव निघालं की तू तोंड फिरवतीस. मला ऱ्हावंना. ते आमचं न्हवतंच गं. खोली, शिकवणारा, सगळं सोमेशभावजींनी तुझ्यासाठी ठरवलंतं. मी ईटवरून परत येणारच न्हवते. ह्यांचं-माझं बोलणंच तुटलं होतं. भावजी ईटला आले, म्हणले, वहिनी, आमच्या जागी तुमी दोघं जावा, मग काय ते ठरवा. तुला सांगू नका म्हणले."

पहिल्यांदा काय वाटलं, लिहू? राग! माझा बर्फ मला न विचारता देऊन टाकला. मग तिच्याकडं बघितलं. ती रडत होती. मी चहा ठेवला.

संध्याकाळी हे दुकानातून आले. "मग, औलीचं करू का?"

"गुलमर्ग," म्हणाले मी.

हे चपला काढता काढता थांबले. वर बघेचनात.