ठकीचे कान

९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तू फोनवर काहीतरी विचारत होतीस आणि मी नुसतंच हो हो म्हणत होते. खरं सांगू? मला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. त्याच दिवशी एका घरचे तीन कुत्रे मुक्कामाला आले. त्यांना आमचे जुने पाहुणे पसंत पडले नाहीत, आणि त्या वादात गवईने आपला सूर लावला. गवई म्हणजे आमचं गाढव. वीटभट्टीवरचं त्याचं काम सुटलं तेव्हा तुझ्या जावयांनी, आमच्या मास्तरांनी, दया येऊन त्याला घरी आणलं. त्याआधी त्याचं गाणं ऐकलं असतं तर आणलं नसतं, असं ते स्वतःच म्हणतात. कुत्र्यांचं पाळणाघर चालवणाऱ्या बाईने फोनच्या नादी लागू नये, म्हणून हे पत्र.

ठकी महिन्याची झाली. दूध नीट पिते, बाळसं धरलंय, नाक थेट माझ्या आईच्या वळणावर गेलंय. आणि झोपते तर अशी, की बघणाऱ्याने नवल करावं. खिडकीखाली कुत्र्यांची दंगल चाललेली असते आणि ही मुठी वळून गाढ. किती शहाणं बाळ, असं सगळे म्हणायचे आणि मी मिरवायची.

आता पत्राचं खरं कारण. दवाखान्यातून घरी सोडताना बाळाच्या कानाला छोटंसं यंत्र लावून ऐकू येतं का ते पाहतात. ठकीच्या दोन्ही कानांकडून उत्तर आलं नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, पुष्कळांचं असं होतं, जन्माच्या वेळचं पाणी कानात राहिलेलं असतं, थोड्या दिवसांनी परत आणा. मी मान डोलावली आणि मनातून काढून टाकलं. पण काल सासूबाईंच्या हातून पातेल्यांची अख्खी चळत फरशीवर कोसळली. कुत्रे दुप्पट भुंकायला लागले. ठकीची पापणीही हलली नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघी गुपचूप पातेली उचलायला लागलो.

तपासणी २ मार्चला आहे. तोवर मी काय करू गं? तिच्या कानाशी टाळ्या वाजवत बसते आणि मग माझीच मला लाज वाटते.

आई असती तर तिला लिहिलं असतं. आता ते तुझ्या वाट्याला आलंय. डोक्यावरचा हात काढू नकोस.

तुझी,
चिमणी


१५ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं, कारण पहिल्यांदा काचा ओल्या झाल्या होत्या. टाळ्या वाजवायच्या बंद कर बघू. पोरगी काय तुझ्या सर्कशीतली आहे?

मी डॉक्टर नाही. पण सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात, कानाला यंत्र लावून गेली. ऐकणं ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे एवढं मी शिकले. आमच्या शेजारी शेजारी बसलेल्या बायकांचा इतका कलकलाट चाले, की नवीन मुलगी पहिल्या दिवशी रडायची. महिन्याभरात तिला तो कलकलाट ऐकूच येईनासा व्हायचा. तेव्हा पातेली पडून मूल हललं नाही, एवढ्यावरून काही ठरवू नये. अर्थात तपासणी चुकवायची नाही. मी आपली नुसती विचारते हो, म्हातारपणी चौकसपणा वाढतो: तिला आंघोळ आवडते का? रडते तेव्हा कशाने गप्प होते? बाहेर नेलीस तर कशी वागते? सवडीने कळव.

तू लहानपणी शाळेच्या दप्तरात कुत्र्याचं पिल्लू नेलं होतंस ते आठवतं? मीही त्याच शाळेतली, म्हणून सिस्टरनी मला बोलावून सांगितलं होतं. ऐन प्रार्थनेत कुईकुई ऐकू आली. त्यांनी विचारलं, कोणाच्या पोटात दुखतंय? आणि तू निमूट हात वर केलास. सिस्टर मला हे रागावून सांगायला लागल्या आणि शेवटी तोंडाला रुमाल लावून हसल्या. तेव्हाच मला कळलं होतं की या मुलीचं घर कधी शांत असणार नाही.

माझी प्रकृती ठीक, फक्त झोप तेवढी येत नाही. तुझ्या काकांना जाऊन वर्ष होईल. डॉक्टर म्हणतात, दुःख आहे, वय आहे, गोळी घ्या. गोळीने डोकं जड होतं, बाकी काही नाही. मुलगा मात्र जपतो हो. मागच्या सुट्टीत आला तेव्हा झोपायच्या खोलीतला जुना पंखा काढून बिनआवाजाचा लावून गेला. काका जन्मभर लोकांचे पंखे दुरुस्त करत राहिले आणि घरचा तेवढा कुरकुरत राहिला. मी त्यावरून त्यांना किती बोलले असेन!

ठकीच्या दोन्ही कानांमागे माझा एकेक पापा.

तुझी,
मावशी


२२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी कुत्रे परत पाठवले. सगळे.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, की पोटात असल्यापासून पोरीने हाच गोंगाट ऐकलाय, कोवळ्या कानांना तो सोसला असेल का कोण जाणे. टोमणा नव्हता, त्या स्वतःच घाबरल्या आहेत. पण माझ्या मनात ते असं रुतलं, की मी सगळ्या मालकांना फोन करून आपापले कुत्रे न्यायला सांगितले. गवईला मास्तरांनी पलीकडच्या वखारीत नेऊन बांधलंय. उरली फक्त म्हातारी कुत्री. तिला मालक कायमची सोडून गेलेत, साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यावं लागतं. एका हातावर ठकी आणि दुसऱ्या हाताने म्हातारीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सुई, असा माझा संसार चाललाय. म्हातारी भुंकत नाही. पूर्वीही तिला भुंकायचा कंटाळाच होता.

आणि मावशी, घर शांत झाल्यापासून ठकी झोपतच नाही! जरा डोळा लागला की दचकते, तोंड लाल करून रडते. डॉक्टरांनी पोट तपासलं, घसा पाहिला, काही सापडलं नाही. ताप नाही. मास्तर शाळेत फळ्याशी उभ्या उभ्या पेंगतात. माझ्या डोक्यात नको नको ते येतं. कान गेले ते गेले, आता आणखी काय बिघडलं? आणि ते माझ्यामुळेच असेल तर?

तुझे प्रश्न: आंघोळ आवडते, बंब धडधडत असतो तोवर. बाकीचं लक्षात ठेवायलाही डोकं ठिकाणावर नाही. तेवढं सांभाळून घे.

तुझी,
चिमणी


२५ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

उलट टपाली लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र वाचल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. तुझ्या मुलीला ऐकू येत नसेल, तर कुत्रे गेले हे तिला कोणी सांगितलं?

नीट विचार कर. दूध तेच, पाळणा तोच, माणसं तीच. घरातून गेलाय तो फक्त आवाज. आणि तू लिहितेस, आंघोळ आवडते, पण बंब धडधडत असतो तोवर. तोवर का?

चिमणे, मी उगीच आशा लावते आहे असं होऊ नये. दिवसभर कानांवर गोंगाट आदळू द्यावा असंही मी म्हणत नाही. ते डॉक्टरांना विचार. पण पाहायला तर पैसे पडत नाहीत? गवईला एकदा खिडकीशी आण. तो गायला लागला की ठकीकडे बघ, आणि त्याहून महत्त्वाचं, तो थांबला की बघ. मला सगळं जसंच्या तसं लिही. इथे मी तरी छताकडे बघत जागीच आहे. बिनआवाजाच्या पंख्याची पाती मोजायला बघते, एवढाच काय तो माझा उद्योग.

काळजी वाटून घ्यायची असते, एकटीने पिऊन टाकायची नसते, हे विसरू नये.

तुझी,
मावशी


४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं जसंच्या तसं लिहिते.

पत्र मिळालं त्याच दुपारी मास्तरांनी गवईला खिडकीशी आणलं. त्याला गा म्हटलं की तो गात नाही, हे तुला माहीत नसेल. आम्ही तिघं त्याची मनधरणी करत उभे, ठकी सासूबाईंच्या खांद्यावर किंचाळत. शेवटी त्याला गाजर दाखवून काढून घेतलं, तेव्हा त्याने असा काही गळा काढला, की वखारवाला बाहेर आला. आणि ठकीने, मावशी, जांभई दिली! डोळे मिटायला लागली. गवई थांबला. पापण्या टक्कन उघडल्या, ओठ वाकडे झाले. सासूबाई त्याच्यावर ओरडल्या, अरे मेल्या, गात राहा की! आजवर याच बाई त्याला गप्प करायला बादली घेऊन धावायच्या.

तरी मी मनाला आवरलं. तपासणी बाकी होती.

तपासणीला बाळ झोपलेलं लागतं आणि खोली शांत लागते. रिक्षात इंजिनच्या आवाजाने ठकी छान झोपली. खोलीचं जाड दार लागलं आणि उठली. पाजलं, झोपली; आजूबाजूला सगळे चिडीचूप झाले की उठली. तिथल्या बाईंना मी गवईचं सांगितलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. म्हणाल्या, यंत्राला आवाज चालत नाही, पण बाहेर झोपवून आणा, बाकी मी पाहते. मग मास्तर, भर दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरांच्या दारासमोर, गवईसारखे ओरडले. वर्गात मुलांवर आवाज न चढवणारा माणूस! दात धरून बसलेली एक बाई दुखणं विसरून हसली. ठकी झोपली. तपासणीच्या बाईंनी चपळाईने उजवा कान उरकला, डाव्याला ती उठली. मास्तर परत बाहेर. या खेपेला दातवाल्या बाईंनीही त्यांना साथ दिली.

दोन्ही कान उत्तम आहेत. बाईंनी कागद हातात दिला तरी मला वाचता येईना, तेव्हा त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. कुत्र्यांचंही विचारलं. त्या म्हणाल्या, कानांना काही झालेलं नाही, फक्त पाळणा पिंजऱ्यांपासून लांबच्या खोलीत हलवा. पोटात असल्यापासून तिने हे ऐकलंय, तिला गोंगाट म्हणजे सगळे घरात आहेत, आणि शांतता म्हणजे सगळे कुठे गेले.

सासूबाईंनी स्वतः फोन करून पाहुण्यांना परत बोलावलं. म्हातारीने त्यांचं स्वागत एकदा भुंकून केलं. इंजेक्शन वेळेवर चालू आहे.

आता माझी पाळी. तू मला एवढं विचारलंस, मी एकच विचारते. तुझी झोप नक्की कधी उडाली? काका गेल्यावर लगेच, की पंखा बदलल्यावर?

उत्तर दे, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


११ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ. ठकीच्या दोन्ही कानांना वेगवेगळे.

कागद वाचता न येणारी तू एकटी नाहीस. तुझं पत्र मी शेजारणीकडून वाचून घेतलं, आणि मास्तरांच्या ओरडण्यापाशी तिला थांबून पाणी प्यावं लागलं.

तुझ्या प्रश्नाचा मला आधी राग आला. लेकीसारख्या मुलीने असं विचारावं? मग बसून आठवलं. काका गेले तेव्हा मी रडायची, पण रडून झोपायची. झोप गेली ती मुलगा सुट्टी संपवून गेला त्या आठवड्यापासून.

जुना पंखा माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवला होता. वायरमनला बोलावून परत लावून घेतला. त्याने त्याला तेल घालू का विचारलं. मी इतक्या जोरात नको म्हटलं, की तो शिडीवरून पडायचाच. दुसऱ्या दिवशी दूधवाला बेल वाजवून वाजवून परत गेला. मुलाला यातलं काही कळवू नकोस, त्याने फार मायेने आणला होता नवा.

मी काकांना एकदा चिडून विचारलं होतं, की साऱ्या गावाचे पंखे गप्प करता, मग आपलाच का नाही? ते म्हणाले होते, एका बाजूला तो आणि एका बाजूला तू, दोघं बोलत असलात की मला झोप लागते. एक जरी गप्प झालं तरी उठून बसेन. मला तेव्हा वाटलं होतं, ते थट्टा करताहेत.

पुढच्या महिन्यात ठकीला बघायला येते. मला कुत्र्यांच्या बाजूची खोली दे.

तुझी,
मावशी