उप म्हणजे जवळ

अण्णा, जुन्नरच्या आपल्या ओसरीवर खलात सुंठ कुटता कुटता तुम्हीच मला तो शब्द फोडून दाखवला होता. उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे जाणं. उपचार म्हणजे आधी रोग्याजवळ जाणं, औषध मागाहून. देवाची षोडशोपचार पूजा त्याच शब्दाची, हे सांगताना तुमचा आवाज भरून यायचा. मी तेव्हा पंधरा वर्षांची, आईच्या मनगटावर नाडी बघायला शिकत होते.

त्याच उन्हाळ्यात मढ गावाकडचा एक महार गडी बाळंतीण बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, तरी गाडी अंगणाच्या कडेलाच थांबली. ताप कधीपासून, अन्न जातं का, सगळं तुम्ही ओसरीवरूनच विचारलंत आणि वरून टाकायला पुडी उचललीत. तो म्हणाला, "वैद्यबुवा, येकदा नाडी बगा. लई तापलीया." तुम्ही म्हणालात, लक्षणं कळली, तेवढं पुरे.

मी खाली उतरते. तिचं मनगट धरते. ती तुमच्याकडे बघत हात सोडवू पाहते, मी सोडत नाही. नाडी पळतेय, पोट फुगून दगड झालंय, हात लावला की कण्हते, असं तिथूनच तुम्हाला सांगते. तुम्ही पुडी परत ठेवलीत आणि गाडी तशीच सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलंत. ती वाचली.

त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"मग नाही ओलांडणार."

आईने माझं ताट बाहेर आणलं आणि स्वतःचंही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दार सताड उघडं टाकून देवळात निघून गेलात, आणि मी तशीच आत आले. पुढे नर्सिंगला गेले, तर मुलगी मास्तरीण व्हायला गेलीय असं तुम्ही लोकांना सांगायचात. जन्मभर मी परक्यांचं रक्त, पू, घाण या हातांनी पुसली. तुमचा शब्द मी तुमच्यापेक्षा खरा केला, अण्णा. तुम्ही समोर असतात तरी हेच म्हणाले असते, मान खाली न घालता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी गाडीकडे उतरताना पायरीवर मी क्षणभर थांबले होते. तुम्ही हाक मारली असतीत, तर मी परत फिरले असते. तुम्ही हाक मारली नाहीत.