अंगणाकडची खोली आणि फुकटचा प्लाझ्मा

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, झुहूर बक्कावी, वय सेहेचाळीस, अविवाहित, माध्यमिक शाळेत विज्ञानाची शिक्षिका, राहणार बर्कान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला सांगितलेले नाही. येत्या मंगळवारी उज्दाच्या इस्पितळात माझ्या डाव्या मूत्रपिंडातली गाठ काढणार आहेत. मी शुद्धीत आहे. शांत मात्र नाही. रागात लिहिलेले मृत्युपत्र बाद ठरते का, असे मी आमच्या भागातल्या म्हाताऱ्या अदूलांना विचारले. असले दस्तऐवज तेच नोंदवतात. ते म्हणाले, "पोरी, राग बाद धरायला लागलो तर माझ्या कपाटात एक कागद उरायचा नाही."

तेव्हा राग राहू देते. प्रश्न एकच आहे. मी परत आले नाही तर माझी आई कुठे राहील?

कलम पहिले. माझ्या मालकीचे जे आहे ते असे: या घराचा तळमजला, म्हणजे तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण, बँकेतली बचत, पुस्तके, बावीस रोजनिश्या, विजेचा खप मोजणारे एक छोटे यंत्र. आमच्या कायद्याप्रमाणे यातल्या एक तृतीयांशावरच माझी इच्छा चालते, आणि तीही वारस नसलेल्या माणसासाठी. बाकीचे वारसांचे. माझे वारस दोन, आई आणि भाऊ मिलूद, जो ब्रसेल्सला असतो. आईच्या दुप्पट त्याला जाईल. जिवंतपणीच सगळे दुसऱ्याच्या नावे करून त्याला ठेंगा दाखवता आला असता. तीन दिवस मी तो विचार गोंजारला, रोजनिशीत तशी नोंद आहे. मग सोडला. देवाने ठरवलेला वाटा मी माझ्या भांडणासाठी वाकवणार नाही. पण जो तिसरा हिस्सा माझ्या हातात आहे, तो मी पुरेपूर वापरणार आहे.

कलम दुसरे. अंगणाकडची खोली, अंगणाच्या दारासकट, मी लाल्ला हद्दा हिला देत आहे. हद्दा समोरच्या गल्लीत एका भाड्याच्या खोलीत राहते, भाकरी भाजून विकते, विधवा आहे. मी शाळेत असते तेव्हा यम्माजवळ, म्हणजे माझ्या आईजवळ, तीच बसते. आई तिला बहीण म्हणते. अदूलांच्या अंदाजाने या खोलीची किंमत तिसऱ्या हिश्शाच्या आत बसते.

हे करण्याचे कारण मिलूदला कळावे म्हणून स्पष्ट लिहिते. या उन्हाळ्यात आला तेव्हा चहा ढवळत तो म्हणाला, "तुझं काही बरंवाईट झालं तर घर विकून टाकू. यम्माला नाझोरला ठेवू, मावशीच्या मुलीकडे. चार पैसे पाठवले की सांभाळेल ती." मावशीच्या मुलीचे घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. यम्माला उजवे पाऊल नाही. आता हद्दाच्या सहीवाचून हे घर अख्खे विकता येणार नाही, आणि हद्दा सही कशी करते ते मिलूदने येऊन बघावे.

यम्मा सध्याच्याच खोलीत राहील, हद्दा तिच्याकडे ये-जा करील, अशी माझी कल्पना आहे.

कलम तिसरे. वरचा मजला. तो माझा नाही, म्हणून त्याची वाटणी मी करत नाही. तो मिलूदचा कसा झाला एवढे मात्र लिहून ठेवते, कारण तो सगळ्यांना सांगतो की आईने प्रेमाने दिला.

ऑगस्ट २०१५. दारात त्याची गाडी उभी राहिली. टपावर गाद्या, दोन सायकली आणि त्यांच्यावर रजईत गुंडाळलेला पन्नास इंची प्लाझ्मा टीव्ही. उतरवायला चार माणसे लागली. मिलूद रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "सांभाळून रे! यम्मा, बघ तुला काय आणलंय! तिकडे लोक असले टीव्ही फूटपाथवर टाकून देतात!"

हद्दा भाकऱ्यांची परडी डोक्यावर घेऊन जात होती. ती थांबली. "मग हा कुठनं उचललास? तुझ्या घरातनं की फूटपाथवरनं?"

सगळे हसले, मिलूदसुद्धा. त्याने स्वतःसाठी नवा, कागदासारखा पातळ टीव्ही घेतला होता आणि हा जुना त्याला जड झाला होता, हे मला त्याच्या मुलाकडून कळले. अकरा दिवसांनी यम्माने वरचा मजला त्याच्या नावे करून दिला. त्याने मागितला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. त्याने नकोही म्हटले नाही. पेन त्याच्याच खिशातले होते.

कलम चौथे. विजेचा खप मोजणारे यंत्र मी शाळेच्या प्रयोगशाळेला देते. मुलांनी ते घरोघरी लावून बघावे. सहकारी मला नेहमी विचारतात, पगारात बसवायचे तर दुकानातला नवा स्वस्त टीव्ही घ्यावा की परदेशातून आलेला जुना? आमच्या गावाचा जुन्यावर विश्वास फार. त्यांच्यासाठी माझे मत इथे नोंदवते, आणि रागाला त्यातून बाजूला ठेवते.

तो टीव्ही उत्तम होता. भिंतीवर बसवायला टीव्ही दुरुस्त करणारे बूझियान आले, त्यांनी तो लावला आणि पाच मिनिटे फुटबॉलचा सामना बघत उभे राहिले. चेंडू धावला तरी मागे शेपूट दिसत नव्हते. काळा रंग खरोखर काळा होता. मग त्यांनी काचेवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, चित्र राजाचं आहे आणि भूकही राजाचीच. हिवाळ्यात शेगडी लावू नका, हाच पुरे. तुमच्या पगाराला माझ्या दुकानातला तो छोटा एलसीडी बघा. तोही जुनाच, पण खातो चिमणीएवढं."

"चिमणी कशाला?" यम्मा म्हणाली. "माझ्या लेकाने हत्ती आणलाय."

मी यंत्र लावून पाहिले. बूझियानच्या चिमणीच्या सुमारे नऊ पट. आमच्याकडे विजेचे दर पायऱ्यांचे, खप एका रेषेपुढे गेला की दरच चढतो. तेव्हा जुने तंत्र घ्यावे, जरूर घ्यावे, पण लहान घ्यावे आणि आधी यंत्र लावून घ्यावे. फुकट टीव्ही दारात उतरताना फुकट असतो. पुढे तो रोज जेवायला बसतो, आणि घरात कोणाचे तरी ताट कमी होते.

कलम पाचवे. हे कलम मिलूदसमोर मोठ्याने वाचावे.

मिलूद दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनवर व्हिडिओ लावायचा. पहिला प्रश्न "कशी आहेस" नसायचा. "टीव्ही चालू आहे का गं यम्मा? दाखव की!" मग ती फोन भिंतीकडे धरायची. फोन कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून सकाळी अकरापासून टीव्ही चालू राहायचा. आवाज बंद. ती त्याच्याकडे पाठ करून डाळ निवडायची.

२०१७ च्या उन्हाळ्यात तिची साखर चढत गेली. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला. मी तिच्यावर चोरून खजूर खाल्ल्याचा आळ घेतला. तिच्या उशाखाली हात घालून शोधले. ऑगस्टात मी शाळेत सुट्टीतले जादा वर्ग घेत होते; एक दिवस वर्ग लवकर सुटला, मी अकराच्या सुमारास निघाले आणि बाराला घरी होते. टीव्ही चालू होता. पाण्यासाठी फ्रिज उघडला तर आतून गरम वाफ आली. प्लग काढलेला होता.

"दूध कुठे आहे?" मी विचारले.

"हद्दाकडे. मासळीपण. रोज सकाळी तू गेलीस की नेऊन ठेवते, संध्याकाळी आणते. मला काय कळत नाही का दूध नासतं ते?"

"आणि इन्सुलिन, यम्मा?"

"ते औषध आहे. काचेत बंद. त्याला काय होतंय?"

तीन महिन्यांचा साठा होता, सरकारी दवाखान्यातून आणलेला. ऑगस्टच्या उकाड्यात तो बंद फ्रिजमध्ये शिजत होता आणि आम्ही तेच तिला टोचत होतो. ऑक्टोबरात उजव्या पायाची दोन बोटे गेली. डिसेंबरात पाऊल.

फोनवर मिलूद रडला. मग म्हणाला, "लाईट बिलापायी आईचा पाय घालवलात? मला सांगायचं, मी पाठवले नसते का?" त्याला मी याची क्षमा केलेली नाही आणि या कागदातही करत नाही. दोन वर्षांत त्याने एकदाही विचारले नाही की ते बिल कशाने चढत होते, तो फ्रिज बंद कशासाठी होता. कोणासाठी होता. त्याला माहीत आहे, म्हणूनच विचारत नाही. मी हेच त्याला ओरडून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मी तिला टीव्ही तरी दिला. तू काय दिलंस?"

मी फोन ठेवला. उत्तर मला येत होते.

त्याच उन्हाळ्यात, साखर चढण्याआधी, जून महिन्याचे बिल आले होते. मी ते जेवणाच्या ताटाशेजारी ठेवले, रेषेपुढच्या आकड्याखाली लाल पेनाने खूण केली, वर्गात करते तशी, आणि म्हणाले, "यम्मा, हे दोन्ही या घरात चालणार नाही. फ्रिज तरी, नाहीतर तुझ्या लेकाचा टीव्ही तरी. काहीतरी एक बंद कर." मला टीव्ही म्हणायचे होते. तिने निवड केली. डॉक्टरांना मी हे सांगितले नाही. मिलूदलाही नाही. शेजारणी "म्हातारी बाई, अडाणी, काय करणार" म्हणाल्या, तेव्हा मी मान हलवली. ती अडाणी नव्हती. तिने सांगितले ते केले.

कलम सहावे. प्लाझ्मा फोडून कचऱ्यात टाकावा असे मी आधी लिहिले होते. मग लक्षात आले, तो यम्माचा आहे, माझा नाही. खोडले.

कलम सातवे. इथवर लिहून झाल्यावर मला लाज वाटली, की मी सगळ्यांची सोय लावते आहे आणि जिची लावते आहे तिला विचारलेच नाही. आज सुट्टी आहे. यम्मा अंगणात उन्हात बसून संत्रे सोलत होती, तिला दिवसाला एकच परवानगी आहे. मी कागद घेऊन शेजारी बसले.

"यम्मा, मला काही झालं तर तू कुठे राहशील?"

"तुला काय होतंय? बापावर गेलीयस, चिवट."

"तरी सांग. मला लिहायचंय."

"मग लिही, वय झालं तरी पोरगी डोकं खाते."

"मिलूदकडे जाशील?"

"त्या थंडीत? त्याची बायको जेवतानापण फ्रेंच बोलते. घास अडकतो माझा."

"मग इथेच. तुझ्या खोलीत. सगळं आहे तसंच ठेवायला सांगते. औषधांच्या वेळा, सगळं."

तिने फोडी मोजल्या, अर्ध्या मला दिल्या. "हद्दाजवळ राहीन."

"ती येईलच की तुझ्या खोलीत."

"नाही, मी तिच्यात जाईन."

"तिची एकच खोली असेल, यम्मा. अडचण होईल."

"होऊ दे. ती मला काय बंद कर म्हणत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती पुढची फोड सोलू लागली.

तेव्हा दुसऱ्या कलमातले शेवटचे वाक्य रद्द समजावे. यम्मा हद्दाजवळ, अंगणाकडच्या खोलीत राहील. माझ्या तिसऱ्या हिश्शातून खोलीची किंमत वजा जाता बचतीतली जी रक्कम उरते, ती हद्दाला द्यावी. त्या खोलीच्या विजेचे बिल त्यातून भरावे, कितीही येवो. त्या खोलीत जे चालू असेल ते चालू राहू द्यावे.

बिल यम्माला दाखवू नये.

हा कागद मी दोन साक्षीदारांसमोर वाचून सही केली. हद्दाला यातून मिळते आहे, म्हणून तिला साक्षीला घेतले नाही. ती दाराबाहेर उभी होती.

सही: झुहूर बक्कावी

साक्षीदार:
१. बूझियान मस्सूदी, टीव्ही दुरुस्ती, बर्कान
२. अब्दुलवाफी रमदानी, शिक्षक, बर्कान

स्थळ: बर्कान. बुधवार, ६ नोव्हेंबर २०१९