शुक्रवारचा व्यायाम

१२ फेब्रु. ३४, सोम.
भाकरी थापताना मान वळेना. सा.बाई म्हणाल्या, "मान काय तुला एकटीलाच हाय व्हय? मी ह्याच मानंवर हंडे वाहून चार पोरं वाढवली." वाढवली खरी. त्यातलं एक माझ्या नशिबी आलं. हे मिलमधून आले, जेवले, निजले.

१७ फेब्रु., शनि.
शेवटी ह्यांनी दवाखान्यात नेलं. स्वतः बाहेर बसले. डॉ.बाईंनी बाटली दिलीच नाही. म्हणाल्या, व्यायाम. हनुवटी सावकाश एका खांद्याकडे, मग दुसऱ्या. तळहात कपाळाला लावून डोक्यानं रेटायचं. आणि डोक्यावर हंडा बंद.
व्यायामाचं घरी बोलले नाही, बायामाणसं कुठं व्यायाम करतात म्हणून हसले असते. हंड्याचं तेवढं सांगितलं. सा.बाई: "मग पानी काय डाक्टरीन आनती?" संध्याकाळी नळावरच्या खेपा वाढवल्याच. म्हातारी मरत का नाही. (लिहिलं. खोडणार नाही.)

२३ फेब्रु., शुक्र.
न्हाऊन, केस मोकळे सोडून माजघरात मान फिरवत होते. डोळे मिटलेले, कळ आली की हुं हुं निघायचं. डोळे उघडले तर दारात सा.बाई, मागं शेजारची गंगव्वा. दोघींचे हात जोडलेले. गंगव्वा: "अंगात आलंय की हो! तुळजापूरची आई हाय ही."
सांगणार होते. तेवढ्यात सा.बाईंनी माझ्या पायावर डोकं टेकलं. मग कोण सांगतंय!
"आई, काय चुकलं आमचं?"
ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात, माहेरी ऐकलेलं. आवाज घोगरा केला. म्हटलं, "माझ्या झाडाच्या डोक्यावर हंडा दिसता कामा नये."
"मग पानी कुनी आनायचं?"
"तू."

९ मार्च, शुक्र.
मान सुटत चालली. डॉ.बाईंचं खरं. आता शुक्रवारी गल्लीतल्या बायका खण-नारळ घेऊन बसतात. मी व्यायाम करते, त्या आरती म्हणतात. हे हळू आवाजात बोलतात माझ्याशी, भितात. भिऊ देत. सा.बाई हंडा घेऊन उंबऱ्याशी धापा टाकतात, मी बसून बघते. फार गोड वाटतं.

४ एप्रिल, बुध.
सा.बाईंची मान आखडली. डावीकडे बघायचं तर सगळं अंग वळवतात. बोटांना मुंग्या येतात म्हणे. मी म्हटलं, "मान काय तुम्हाला एकट्यांनाच आहे?" चुलीपाशी जाऊन पोटभर हसले.

५ एप्रिल, गुरु.
हे म्हणाले, आईला डॉ.बाईंकडे नेतो. बाई तिला हेच शिकवणार. हनुवटी खांद्याकडे, तळहात कपाळाला. म्हातारी लगेच ओळखेल. देवीचं सोंग केलं म्हणून घराबाहेर काढतील, आणि माहेरी आता दार उघडायला कोणी नाही.
पण सा.बाईच अडून बसल्या, "आईला इचारल्याबिगर मी न्हाय जायची."
संध्याकाळी मला जवळ बसवलं. कधी नव्हे ते नावानं हाक मारली. "सरू, उद्या आई आली की मी इचारीन, दवाखान्यात जाऊ का. तू आदीच तिला सांगून ठेव की. लई दुखतंय गं." बोलता बोलता हातातला तांब्या निसटला. उचलायला वाकता येईना. मी उचलून दिला.
व्यायाम मला येतो. तिथंच शिकवता आला असता.
नारळ आणून ठेवलाय. उद्या काय बोलायचं ते अजून