ठोसा येताना दिसला पाहिजे

वर्धा, ४ ऑगस्ट २०२४

ती. बाबांना,
मेघाचा सविनय जय भीम. वि. वि.

जिनिंगच्या मशीनींनी तुमचे कान नेले. फोनवर काही सांगायचं तर निकेशदादाला मध्ये ओरडावं लागतं आणि सगळ्या मोहल्ल्याला कळतं. म्हणून पत्र.

मी बॉक्सिंग शिकते आहे. घटस्फोटानंतर लॅबमधलं काम सुटलं की खोलीवर बसवत नव्हतं. जवळच्या व्यायामशाळेत गेले, तिथल्या टांगलेल्या पिशवीवर पहिला ठोसा मारला, आणि त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

शिकवणारे ताराचंद सर तोंडावर बोलतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, मेहनत कर, पण ऐकून ठेव, दहा वर्षांच्या पोरीले ठोसा निघायच्या आधी दिसते, तुले सत्ताविसाव्या वर्षी तो लागल्यावर दिसन. मी हसले. जोर तर माझ्याच हातात सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

दादाला एका लढतीचा व्हिडिओ पाठवला आहे, बघा. रागावू नका.

तुमची,
मेघा


वडनेर, १८ ऑगस्ट २०२४

चि. मेघास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र भेटलं. कापसाची पऱ्हाटी बरी आहे. तुही भागीरथा आत्या म्हणते, नवरा मारते म्हणून घर सोडलं अन् आता आपल्या पायानं मार खायले चालली. मी तिले म्हटलं, तिथं मारणाऱ्याले परत मारता येते. तिनं चहा फिका दिला.

व्हिडिओ पाहिला. तुह्या हातात जोर आहे हे खरं. पण तुहा हात पोचते तवा ती पोरगी तिथं नसते, अन् तिचा पोचते तवा तू तिथंच राहते. लहानपणी चेंडू आला की डोळे मिटत होती, तसंच करून राह्यली. मले ते पाहवलं नाही. काऊन पाहवलं नाही ते तुले माहीत आहे.

नको म्हणत नाही. डोकं सांभाळजो. सणाले येजो.

तुहा बाबा,
नानाजी


वर्धा, २ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

पुढच्या रविवारी निवड लढत आहे. समोर सुरभी नावाची मुलगी. एकोणीस वर्षांची, तिसरीत असल्यापासून खेळते. आम्ही सराव सोबतच करतो. मी तिच्या हाताकडे बघते, ती माझ्या खांद्याकडे. सर सांगतात खांदा बघ. मला कळतं, पण कळेपर्यंत लागलेला असतो.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात आणि कोपऱ्यातून सावली उतरल्यासारखी दिसते. सरांना सांगितलेलं नाही. लढतीआधीच्या तपासणीत विचारलं तर काही नाही म्हणणार आहे. तीन फेऱ्या, बाबा, एकदाच. मग दाखवते डॉक्टरला. मला जिंकायचंही नाही. नवऱ्याच्या घरात मी प्रत्येक वेळी खाली पडले. एकदा शेवटची घंटा होईपर्यंत उभं राहायचं आहे.

मनात ठेवा.

तुमची,
मेघा


वर्धा, ९ जानेवारी २०२५

बाबा,
जय भीम.

तुम्ही येऊन सरांना सांगितलंत. त्यांनी माझं नाव काढलं. सुरभी न लढता पुढे गेली.

डोळ्यातला पडदा सुटला होता. नागपूरला ऑपरेशन झालं. त्या डोळ्यानं आता दारावरची पाटी दिसते, पेपर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, ठिपके दिसले तेव्हाच आली असतीस तर बरंचसं वाचलं असतं, आणि आणखी एक ठोसा बसला असता तर काहीच उरलं नसतं.

सर भेटायला आले होते. डोळा नीट असता तर मी कुठवर गेले असते, असं मी विचारलं. त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, जिल्ह्यापर्यंत, मेघा, त्याच्यापुढे नाही, दहाव्या वर्षी भेटली असती तर दुसरं बोललो असतो.

दहाव्या वर्षी वडनेरात ग्लोव्हज कोणी पाहिले होते? दोष कुणाला द्यावा कळत नाही, म्हणून तुम्हाला देते आहे. इतक्यात पत्र पाठवू नका.

मेघा


वडनेर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. मेघास,
अ. उ. आ. वि. वि.

नको म्हटलं तरी लिहून राह्यलो.

त्या दिवशी मी ताराचंद सरांकडे गेलतो तवा त्यांनी मले खुर्ची दिली अन् जोरात विचारलं, पोरगी तुम्हाले माफ करन काय. मी म्हटलं, नाही करन. घंटा होईपर्यंत उभं राहणं तुहं होतं, ते मी हिसकलं. तुह्या नवऱ्यानंही तेच केलं होतं असं तुले वाटत असन, तर ते मी ऐकून घेईन. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन.

रविवारी भागीरथा अन् मी वर्ध्याले येतो. दार उघडायचं का नाही, ते तुह्यावर. नाही उघडलं तर पायरीवर बसून भाकर खाऊ अन् संध्याकाळच्या गाडीनं वापस जाऊ. अन् त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येऊ.

लोभ आटला असन तरी मी आहे तो आहेच.

तुहा बाबा,
नानाजी