निळ्या पंखाचा पत्ता

मोर्शी,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सुगत याले सुभद्राकाकूचे आशीर्वाद.

आमी बरे आहो. तुह्या आईचे गुडघे कसे आहेत? अकोल्याचं पाणी तिले मानवलं का? यंदा मृगाची संत्री बरी आली. काका दुकानावर एकटेच बसतात.

तू फोन उचलत नाही, म्हणून लिहून राहिली. तुह्या जागी मी असती तर मीही उचलला नसता.

माह्या कुलदीपचा पत्त्यांचा अल्बम आठवण म्हणून पायजे, असा तू निरोप धाडला. महिना झाला, मी उत्तर दिलं नाही. अल्बम रिकामा आहे, सुगत.

आठवीपासून तुमी दोघं ते जादूगार-राक्षसांचे पत्ते जमवत होते. आमच्या ओट्यावर बसून तूच मले समजावलं होतं, की काकू, हा चमकते तो फॉइलचा, हजारात एखादा निघते.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी दर्यापूरचे पाहुणे सोयरीक घेऊन आले. कोणीतरी त्यायच्या कानात घातलं, पोरगा पत्ते खेळते. त्यायले वाटलं जुगार. अर्धा चहा ठेवून उठले. काका त्यायले गाडीपर्यंत सोडाले गेले, अन् मी अल्बम काढला. भाजीच्या विळीवर एकेक पत्ता चिरला. कुलदीपच्या समोर. त्यानं माहा हात धरला नाही. निळ्या पंखाचा ड्रॅगन चिरला तवा एवढंच बोलला,

"आई, तो सुगतचा होता."

तू त्याले ठेवाले देला होता, हे मले ठाऊक नव्हतं. पण थांबली असती असंही नाही. मी म्हटलं, "मंग जाऊन सांग त्याले."

फोनवर सांगायची गोष्ट नाही म्हणे, तोंडावरच सांगतो. तसाच गाडी काढून तुह्याकडं अकोल्याले निघाला. मूर्तिजापूरच्या अलीकडं ट्रकनं उडवलं.

तेरवीले तू दारात उभा होता. काका तुले नको ते बोलले, जातीवर गेले. पत्त्याच्या नादी तूच लावलं, तूच बोलावलं म्हणे. तू म्हटलं, "काका, मी बोलावलं नव्हतं. तो काहून येत होता, मले माहीत नाही."

मले माहीत होतं. मी पदर ओढून बसून राहिली.

त्या पत्त्याबद्दल तू आजवर एक शब्द विचारला नाही.

परवा काकाले सगळं सांगतलं. ते उठून मळ्यात गेले. तेव्हापासून माह्या हातचं जेवत नाहीत. तुह्याकडं माफी मागाले येतो असं काही ते बोलले नाहीत, खोटं काहून लिहू? गल्लीत मात्र मी स्वतः दारोदार जाऊन सांगून राहिली. कोणी ऐकून घेते, कोणी दार लावते.

हे पत्र तुह्या आईले वाचून दाखव. लोकं तुलेच दोष देत होते, ते तिनंही ऐकलं.

माफ कर म्हणत नाही. त्याले तुह्याकडं मीच धाडलं होतं.

सुभद्रा